शेवट आधी वाचायचा नाही

बाबांना फसवणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापं तपासण्याची नोकरी केली होती. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा, आतून पोखरलेलं लोखंडी वजन, तळ ठोकून वर उचललेलं लिटरचं माप, टोकाला बोटभर झिजवलेली कापडवाल्याची पट्टी, काही म्हणून त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. बाजारात त्यांची चाहूल लागली, की दुकानदारांचे हात आपोआप तराजूपासून लांब व्हायचे. लोक त्यांना तराजूसाहेब म्हणत. तोंडावर आदराने आणि पाठ फिरली की दातओठ खात.

आणि अशा माणसाला शौक कसला, तर स्वतः फसायचा! तोही तिकीट काढून, अंधारात बसून. ज्या सिनेमात दोन तास एक दाखवतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळं होत्याचं नव्हतं करून टाकतात, असा सिनेमा लागला की बाबा पहिल्या रविवारी दुपारच्या खेळाला हजर. भोळा दिसणारा भाऊच खुनी निघाला, मेलेली बाई मेलेलीच नव्हती, असं काही घडलं की ते गुडघ्यावर थाप मारत. "बाजारात फसवतात ते लपवून फसवतात," ते सांगायचे. "हे लोक सगळं समोर मांडून फसवतात. माप पुरेपूर, आणि तरी गिऱ्हाईक गंडलं! याला कसब लागतं."

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं. ते लेकीच्या घरी राहायला आले. अंगावर चहा सांडला, दाराला कपाळ आपटलं, तरी त्यांनी कधी हूं की चूं केलं नाही. फक्त रविवारी जेवणं झाली, की ते उगीच शर्ट बदलून बाहेरच्या खोलीत येऊन बसायचे. कुठे जायचं नसताना चपला घालून. लेकीला ते बघवेना. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "चला बाबा. मी सांगेन काय चाललंय ते. तुम्ही कान द्या."

आता लेकीची गोष्ट अशी, की ती एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. वीस वर्षं झाली होती. "श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा," हे ती झोपेतसुद्धा म्हणायची, असं तिचा नवरा सांगे. रोग्यांच्या तोंडी तिचं नाव 'फोटोवाल्या बाई'. फोटो निघाला की प्रत्येक जण तिच्या तोंडाकडे बघायचा. "काय दिसतंय हो बाई?" फोटोवाल्या बाईंना सगळं दिसलेलं असायचं, सगळ्यांच्या आधी. पण सांगायचं काम डॉक्टरांचं. म्हणून तिने चेहरा असा घडवला होता, की समोरच्याला भिंत परवडली. "डॉक्टर सांगतील हं," एवढं बोलून ती पुढच्या माणसाला आत घ्यायची.

दिवसभर लोकांची धाकधूक पोटात ठेवायची म्हटल्यावर घरी तिला ती मुळीच सोसायची नाही. कादंबरी हातात घेतली की शेवटचं पान आधी. मालिका बघायची तर शेवटचा भाग आधी. सिनेमाला जायच्या आदल्या दिवशी ती मोबाइलवर शेवट वाचून घ्यायची, पुरता, कोणी कोणाला का मारलं इथपर्यंत. मग निवांत मनाने ती बाबांच्या कानाशी लागायची. "आता बाई जिना चढतेय. हातात मेणबत्ती. वर दार किलकिलं आहे."

पहिल्या सिनेमात बाबांनी मध्यंतरातच खुनी ओळखला. लेकीने तोंडभरून कौतुक केलं. दुसऱ्यातही ओळखला, तिसऱ्यातही. पाचव्या सिनेमाला तर अर्ध्या तासात. कौतुकाने बाबा फुलतील असं तिला वाटत होतं, पण ते दर रविवारी थोडे थोडे सुकत चालले. "हल्लीचे सिनेमे पातळ झालेत," ते म्हणायचे. "दुधात पाणी."

सहाव्या सिनेमातून बाहेर पडताना त्यांनी तिला पायऱ्यांवरच थांबवलं.

"मामा खुनी आहे, हे मला कोणी सांगितलं माहितीये?"

"कोणी?"

"तू."

"मी? मी एक अक्षर बोलले नाही!"

"अक्षर नाही बोललीस. पण बाकीच्यांबद्दल तू भराभर बोलतेस, आणि मामा आला की एकेक शब्द तोलून टाकतेस. 'मामा... खिडकीशी... उभा आहे.' अगं, खिडकीशी उभं राहायला इतका वेळ लागतो का?"

लेक वरमली आणि मग चिडली. वीस वर्षांत तिच्या चेहऱ्यावरून कोणाला काडीचं कळलं नव्हतं, आणि हे म्हातारबुवा तिलाच फितूर ठरवत होते.

"माझा चेहरा बघून आजवर कोणाला काही कळलेलं नाही," ती म्हणाली.

"चेहरा मला दिसत नाही, म्हणून तो वाचला. आवाजाचं काय? शेवट वाचून येतेस ना तू?"

ती पुढची पायरी उतरायला लागली.

"म्हणजे वाचतेस. मग मी येतो कशाला? घरी पंख्याखाली झोपा काढीन."

"मग पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला तरी घेऊन जा!"

घरी पोचेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. पण बाबांचा हात तिच्या कोपरावर होता. तो सोडायची दोघांनाही सोय नव्हती.

पुढच्या रविवारी जावईबापूंना पाठवण्यात आलं. त्यांचा धंदा सोफे आणि गाद्या शिवायचा. माणूस सोन्यासारखा, पण डोळे धंद्याचे. तीन तासांनी दोघं परत आले तेव्हा जावई खुशीत होते आणि बाबांचा चेहरा काढा प्यायल्यासारखा झाला होता.

"कसा होता सिनेमा?" लेकीने विचारलं.

"एक नंबर!" नवरा म्हणाला. "त्या बंगल्यात सोफा काय होता सांगू! तीन बैठकांचा, गर्द हिरवी मखमल, पाठीला बटणं ठोकलेली. एक शिवण मात्र उसवली होती. मी बाबांना सगळं सांगितलं."

"हो, सगळं सांगितलं," बाबा म्हणाले. "आरामखुर्ची सांगितली, गालिचा सांगितला, उशांची झालर सांगितली. मग एक बाई किंचाळली. मी विचारलं, कोण मेलं? तर जावईबापू म्हणाले, थांबा हं, सोफ्यावर डाग पडलाय, तो बघतोय."

लेकीला हसू आवरेना, पण भांडण अजून मिटलेलं नव्हतं, म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन हसली.

बुधवारी ती कामावरून लवकर आली. बाबा खिडकीपाशी बसले होते. रेडिओ बंद होता. तिने चहा आणून त्यांच्या हातात दिला, तसे ते आपणहून बोलायला लागले.

"डोळे जायचे होते तेव्हा डॉक्टरांनी तारीखवार सांगितलं होतं. सहा महिन्यांत इतकं जाईल, वर्षात इतकं. तसंच गेलं, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. आता सकाळी उठलो की डावीकडे सात पावलांवर मोरी. जेवणाच्या टेबलाला चार. साडेचारला चहा. सगळं आधीच ठाऊक. हे लागतंच, नाहीतर मी धडपडेन. पण पोरी, आठवड्यातून दोन तास तरी मला ठाऊक नसलेलं काहीतरी घडू दे."

लेक त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"मला भीती वाटते बाबा," ती म्हणाली. "पुढे काय होणार ते माहीत नसलं, की माझ्या छातीत धडधडतं. दवाखान्यात एक बरं असतं, मला आधी कळतं."

"अगं वेडे, त्या धडधडण्याचंच तर तिकीट असतं!"

"आणि माझ्या लक्षात काही आलंच नाही तर? महत्त्वाचं सांगायचं राहून गेलं तर?"

"मग आपण दोघं फसू. जोडीने."

तेव्हा ठरलं. शेवट आधी वाचायचा नाही. शनिवारी रात्री सवयीने तिचा हात मोबाइलकडे गेला. तिने तो नवऱ्याच्या हवाली केला आणि सांगितलं, "मी कितीही मागितला तरी उद्या संध्याकाळपर्यंत देऊ नकोस." त्याने तो शिवायला आलेल्या एका गादीखाली सरकवला आणि त्यावर बसून राहिला.

रविवारचा सिनेमा असा होता. एक श्रीमंत गृहस्थ आणि त्यांचा ड्रायव्हर, दोघांच्या गाडीला अपघात होतो. ड्रायव्हर जागीच जातो. गृहस्थ वाचतात, पण चेहरा भाजलेला आणि मागचं काही म्हणजे काही आठवत नाही. बायको दवाखान्यात येते, म्हणते, हेच माझे यजमान. डॉक्टर चेहरा नवा करतात, बायको त्यांना घरी नेते. आणि घरी आल्यापासून त्या माणसाच्या तोंडी एकच घोष: "ही माझी बायको नाही." सगळे म्हणतात, डोक्याला मार लागलाय. मग मनाचे आजार बघणारी एक डॉक्टरीण त्यांच्याकडे रोज यायला लागते.

लेकीने पहिली दहा मिनिटं नीट, कुजबुजत सांगितलं. पुढे तिचा आवाज तिच्याही नकळत चढायला लागला. "बाई त्याला दूध देतेय. बाबा, दुधात काही घातलं असेल का हो? तो पीत नाहीये. बरं झालं! आता तो खोलीत येरझारा घालतोय. बाह्या दुमडतोय. आता ती बाई दाराआडून बघतेय, मेली सटवी!"

"शूऽऽ!" मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या.

लेक ओशाळली. पण पाचच मिनिटांत त्याच बाई पुढे वाकून विचारत्या झाल्या, "अहो, तुम्ही दुधाचं म्हणालात ते कशावरून?"

मध्यंतरात बाबा अगदी न्यायाधीशासारखे बसले होते. "उलगडलं," ते म्हणाले. "ती डॉक्टरीण आणि ती बायको सख्ख्या बहिणी. दोघी मिळून त्याला वेडा ठरवताहेत. खरी बायको तळघरात."

"बंगल्याला तळघर आहे कुठे?" मागच्या बाईंनी विचारलं.

"असतंच," बाबा ठामपणे म्हणाले. मग लेकीकडे वळून हळूच म्हणाले, "बरोबर आहे का?"

"मला काय माहीत!" लेक म्हणाली, आणि हे म्हणताना तिला इतकं हलकं वाटलं, की ती स्वतःशीच हसली. वीस वर्षांत हे वाक्य तिने खरेपणाने कधी उच्चारलंच नव्हतं.

मध्यंतरानंतर बाबांच्या तळघराचा पत्ता नव्हता.  लेकीने बाबांचं मनगट धरलं होतं की बाबांनी तिचं, ते सांगणं कठीण होतं. शेवटची दहा मिनिटं राहिली. डॉक्टरीण एक खोकं घेऊन येते. अपघाताची आठवण जागी व्हावी म्हणून तिने मेलेल्या ड्रायव्हरचे कपडे त्याच्या बिऱ्हाडातून मागवलेले असतात. ती त्या माणसाला म्हणते, हा कोट जरा हातात घेऊन बघा. आणि मग सिनेमात शब्द संपले. मागे वाजणारं संगीतही थांबलं. सगळ्या थिएटरात चिडीचूप.

आणि लेकही चूप.

बाबांनी दोन क्षण वाट बघितली. मग तिला कोपराने ढोसलं. "काय झालं?"

ती खुर्चीच्या टोकाशी सरकली.

"अगं बोल ना! मेलं का कोणी?"

"बसला," लेकीच्या तोंडून कसंबसं निघालं. "बाबा, बसला."

"कोण बसला? कुठे बसला?"

"कोट! त्याच्या अंगात! बरोब्बर मापात बसला! बाबा, तो मालक नाहीच. तो ड्रायव्हर आहे!"

हे ती कुजबुजली नाही, ओरडली. पण तिच्याकडे वळून बघायला कोणी शुद्धीवर होतं कुठे? मागच्या बाई "अगं बाई गं!" म्हणून मट्‌कन खुर्चीत मागे पडल्या. पडद्यावर त्या माणसाने हात पुढे केले, कोटाच्या बाह्या नेमक्या मनगटावर येऊन थांबल्या होत्या. गाडीत मेला तो मालक. त्याला मारायचा घाट बायकोनेच घातला होता, आणि मृत्युपत्रात आपल्या नावावर दमडीही नाही हे मागाहून कळल्यावर, नवरा जिवंत आहे असं जगाला दाखवायला तिने या बिचाऱ्याला नवरा म्हणून उचलून आणलं होतं. तो पहिल्या दिवसापासून घसा फोडून खरं तेच सांगत होता: ही माझी बायको नाही.

बाबांचं तोंड उघडं पडलं ते मिटेना. मग त्यांच्या पोटातून हसू यायला लागलं. आधी खुसुखुसु, मग गदागदा. त्यांनी गुडघ्यावर अशी थाप मारली, की शेजारच्याच्या हातातला मक्याच्या लाह्यांचा पुडा उडाला.

"बाह्या!" ते म्हणाले. "तो बाह्या दुमडत होता! मालकाचे शर्ट त्याला लांब होत होते! आणि ते बूट, चालताना टपाक टपाक वाजत होते. मी म्हटलं, थिएटरचे भोंगे खराब आहेत. बूट सैल होते गं! अख्खा जन्म मापं तपासली, आणि माणसाच्या अंगातला शर्ट त्याच्या मापाचा नाही, हे मला कळलं नाही! काखेत कळसा!"

बाहेर चहाच्या टपरीवर मागच्या बाईही त्यांच्यात येऊन सामील झाल्या. त्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या, असं कळलं. भांडण मात्र बाप-लेकीचंच रंगलं.

"बाह्या दुमडतोय, हे तू एकदाच सांगितलंस," बाबा म्हणाले.

"एकदा सांगितलं ना? तुमच्याच भाषेत माप पुरेपूर."

"तो किती वेळा दुमडत होता?"

लेक अडखळली. "चार-पाच वेळा असेल. मला वाटलं त्याची सवय असेल."

"म्हणजे पाच शेरांतले चार शेर तू मारलेस!"

"आणि बूट? ते तर तुमच्या कानात वाजत होते. ते कोणी मारले?"

"बरोबर आहे हो त्यांचं," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "आणि तुमचं ते तळघर?"

तळघराचा विषय निघाल्यावर बाबांनी चहाचा मोठा घोट घेतला आणि मग जाहीर केलं, "उद्या परत यायचं. दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय याचं माप पटणार नाही."

लेकीने आयुष्यात कुठलाही सिनेमा दोनदा पाहिला नव्हता. सोमवारी तिने अर्धी रजा टाकली. दवाखान्यात कारण विचारलं, तेव्हा तिने भिंतीसारखा चेहरा करून सांगितलं, "घरचं जरुरीचं काम."

सोमवारी दुपारी अर्धं थिएटर रिकामं होतं. आज सांगायची तऱ्हाच वेगळी होती. आता दोघांनाही सगळं ठाऊक होतं, आणि तरी प्रत्येक गोष्ट नवी होऊन समोर येत होती. कालचं दूध साधं दूधच निघालं; संशय घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण पहिल्याच प्रसंगात लेकीने बाबांचा हात घट्ट दाबला.

"बाबा, ती दवाखान्यात आलीय. पलंगापाशी थांबलीय. खाली बघतेय. काल मी म्हटलं, दुःखाने मान खाली घातली असेल. ती मान खाली घालत नाहीये हो! ती चादरीबाहेर आलेले त्याचे पाय बघतेय. मग हात. मग म्हणते, हेच माझे यजमान."

"माप घेतेय!" बाबा पुटपुटले. "उंची साधारण जुळते, खपून जाईल असा हिशेब करतेय. बया, बया! पहिल्या पाच मिनिटांत सगळं समोर टाकलंय की गं!" त्यांच्या आवाजात एखाद्या पैलवानाने दुसऱ्या पैलवानाचा डाव वाखाणावा, तसं कौतुक होतं.

बाह्या त्या माणसाने एकूण सात वेळा दुमडल्या. लेकीने एकही सोडली नाही.

डॉक्टरीण खोकं घेऊन आली, तसे बाबा सावरून बसले. "आता तू गप्प राहा," ते म्हणाले. आणि खुर्चीतल्या खुर्चीत त्यांनी अंग वळवलं, पडद्याकडे पाठ आणि सगळ्या रांगांकडे तोंड. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून, मान जराशी कलती करून ते थांबले.

संगीत थांबलं. कोट अंगावर चढला. आणि त्या काळोखात पन्नास-साठ माणसांनी एकदम श्वास आत घेतला तो बाबांना ऐकू आला. मग डावीकडून कोणीतरी "छे!" म्हणालं. मागे कोणाच्या तरी हातातून काहीतरी घरंगळलं. एक म्हातारा आवाज म्हणाला, "अरे चोरा!" आणि एक मुलगी शेजारणीला सांगायला लागली, "मी म्हटलं होतं ना, म्हटलं होतं ना," जिने असं काही म्हटलं नव्हतं हे उघड होतं. लेक पडद्याकडे बघतच नव्हती. भिंतींवरून परतणाऱ्या उजेडात बाबांचा चेहरा दिसत होता, आणि एकेक आवाज आला की तो चेहरा उजळत होता.

बॅटरीवाला वाकून जवळ आला. बाबांच्या पायाशी उजेड पाडून समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजोबा, पडदा तिकडे आहे."

"ठाऊक आहे हो," बाबा म्हणाले. "पण सिनेमा इकडे चाललाय."

बॅटरीवाल्याने बॅटरी विझवली, आणि तोही तिथेच उभा राहून लोकांची तोंडं बघायला लागला.